शंभर धरलेला माणूस

वरच्या मजल्यावर बायको रक्त बघायची, तळमजल्यावर नवरा आकाशातून पडलेले दगड दळायचा, आणि दोघांचा डबा एकच असायचा. लोकांना याची भारी गंमत वाटे. तुमच्याकडे जेवताना काय बोलणं होतं हो, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आमटीत मीठ कमी आहे, हेच. तुमच्याकडे काय होतं?"

तिचं काम काय ते आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

काही घराण्यांत एक आजार असतो. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत माणूस ठणठणीत, आणि मग हाडांच्या आतला रक्ताचा कारखाना हळूहळू बंद पडायला लागतो. आईला किंवा बापाला असला तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. कशामुळे होतो ते कुणाला सापडलेलं नाही. साध्या रक्ततपासणीत तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आधी दिसतो तो फक्त डिशमध्ये, कधीकधी विशीतसुद्धा. डिश म्हणजे काचेची छोटी वाटी. माणसाचं रक्त काढायचं, त्यातल्या मोजक्या पेशी डिशमध्ये खाद्य घालून उबेत ठेवायच्या, आणि पंधरवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली लाल पुंजके मोजायचे. जितके पुंजके तितका कारखाना जिवंत. ते पुंजके मोजण्यात तिची हयात चालली होती.

पण नुसत्या मोजणीला अर्थ नसतो. खाद्याची एक खेप झकास निघते, दुसरी टुकार. म्हणून दर खेपेला रुग्णांच्या शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावायचं, त्याचे जेवढे पुंजके येतील ते शंभर धरायचे, आणि बाकीच्यांचे त्या मापात मांडायचे. त्या निरोगी माणसाला नॉर्मल म्हणतात. वरच्या मजल्याचा नॉर्मल होता तिचा नवरा.

त्यासाठी काही स्वयंवर मांडलं नव्हतं. मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना साखरेचा त्रास. खाद्य बनवणारे तंत्रज्ञ, ज्यांचं नाव सगळ्यांनी आचारी पाडलं होतं, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या. आणि मोजणाऱ्याने आपलंच रक्त लावायचं नाही असा नियम, म्हणजे तीही बाद. बड्या प्रयोगशाळांत दहा-दहा नॉर्मल असतात म्हणे. इथे एकच होता, तोही हाक मारली की जिना चढून येणारा आणि बिस्किटांवर भागवणारा.

"जावई आले, जावई आले!" आचारी दारातून ओरडायचे आणि बिस्किटांचा डबा पुढे करायचे. तो बाही वर करून ऐटीत खुर्चीत बसायचा. "जगात मी एकटा नवरा असा," तो म्हणायचा, "ज्याला बायको दर महिन्याला नॉर्मल ठरवते. बाकीच्यांच्या बायकांना विचारा!" मोठ्या बाईसुद्धा हसायच्या, आणि त्या काही येताजाता हसणाऱ्या नव्हेत.

त्याचा धंदा वेगळा. पृथ्वीवर जीव आला त्याचं मूळ सामान इथंच जमलं की वरून पडलं, हा त्याचा प्रश्न. साडेचार अब्ज वर्षांचे दगड तो दळायचा, उकळायचा आणि त्यात ते सामान शोधायचा. अडचण अशी की तेच सामान माणसाच्या घामात असतं, शिंकेत असतं, बोटाच्या ठशात असतं. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, आणि दगडाच्या आधी नेहमी एक रिकामी बाटली. दगडाचं जे जे करायचं ते सगळं त्या रिकाम्या बाटलीचं करायचं. त्यात जे निघेल ते आपलं, आभाळाचं नाही, म्हणून वजा करायचं. त्या बाटलीला तो कोरी म्हणायचा. एकदा दगडात असं काही सापडलं की तळमजल्यावरचे लोक नाचायचेच बाकी होते. वर्षभराने कळलं, ते हातमोज्यांच्या पावडरीतून आलं होतं. "वर्षभर घरच्याच माणसाला पाहुणा समजून बसलो," तो म्हणाला, आणि दोन दिवस धड जेवला नाही.

तेव्हापासून तो तिला चिडवायला लागला. "तुम्ही रक्तवाले कोरी तपासतच नाही. मी आधी रिकामी बाटली बघतो. तुमच्या नॉर्मलला कोण बघतं?"

"त्याची बायको बघते," ती म्हणायची. "तिच्या नजरेतून काय सुटतंय!"

शेजारी जेवत बसलेली त्यांची लेक खो खो हसायची. आता ते हसणं आईला आठवायलाही नको वाटतं. कारण सुटलं होतं. सगळंच्या सगळं सुटलं होतं.

गेली तीन वर्षं वरच्या मजल्यावर एका नव्या गोळीची परीक्षा चालली होती, आणि गोळीने कमाल केली होती. रुग्णांचे आकडे चढत होते. त्यांच्यात एक बसचा ड्रायव्हर होता, मोठ्या आवाजाचा, आल्या आल्या "ताई, आपला स्कोअर काय?" असं विचारणारा. पहिल्या महिन्यात त्याचा आकडा तीस होता. मग चाळीस झाला, पन्नास झाला, आणि आता साठ. तो साठ ऐकल्यावर ड्रायव्हरने तिथल्या तिथे आचाऱ्यांना मिठी मारली. "मी आता जिने चढतो हो! परवा नातवाला खांद्यावर घेतलं!" मोठ्या बाईंनी शोधनिबंध लिहायला घेतला होता. या आजाराला कधी नव्हे ते औषध मिळणार, असं सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले होते. मोठ्याने बोललं तर दृष्ट लागेल अशी धास्ती शास्त्रज्ञांनाही असते, फक्त ते कबूल करत नाहीत.

एवढ्या आनंदात एकाच माणसाला बोलणी बसत होती, ती म्हणजे आचाऱ्यांना. कारण डिशमधले पुंजके एकूणातच कमी झाले होते. नॉर्मलचेसुद्धा. पूर्वी मोजता मोजता मान अवघडायची, आता चहा निवायच्या आत मोजून व्हायचं. "खाद्य बिघडलंय तुमचं," ती म्हणायची. आचारी बिचारे नवं सीरम मागवायचे, पाणी बदलायचे, बाटल्या पुन्हा उकळायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. "ताई, मी वीस वर्षं हेच करतोय हो," ते एकदा रडवेले होऊन म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं," असं ती त्यांच्या माघारी म्हणाली होती. म्हणाली होती खरी.

आकडा चढण्याचे दोन रस्ते असतात, हे शाळेतल्या पोराला कळतं. वरचा वाढला तरी चढतो आणि खालचा घटला तरी चढतो. पण खालचा शंभर होता. शंभर कसा घटणार? तो शंभरच धरलेला असतो.

आणि घरात? घरात त्याच्या नडग्यांवर निळे डाग पडत होते. दगडांच्या खोक्यांवर आपटतो, असं तो म्हणायचा आणि ते खरंही वाटायचं, कारण धांदरट तर तो पहिल्यापासून. जिना चढताना मध्ये थांबायचा. "वय झालं रे राजा तुझं," ती वरून ओरडायची. तोही कठड्याला धरून हसायचा. जी बाई परक्या माणसाच्या नखांच्या रंगावरून त्याचं रक्त ओळखायची, तिला आपल्या ताटासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडलेला दिसला नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मग आभाळातून एक दगड पडला. दूरच्या एका कारखान्याच्या पत्र्यातून खाली आला आणि यंत्राशेजारी जाऊन पडला. बातमी आली तसा नवरा बॅग भरून निघाला. तिकडे जाऊन बघतो तर मालकाने दगड साबणाने घासून, तेलाचं बोट फिरवून, कपाटात शोभेला ठेवलेला. "अगं, चकचकीत केलाय!" तो फोनवर अक्षरशः विव्हळत होता. "साडेचार अब्ज वर्षं कुणी हात लावला नाही, आणि या गृहस्थाने भांड्याचा साबण लावला!" ती पोट धरून हसली. आतून कोरा राहिलेला तुकडा कापून घ्यायला त्याला तिकडे राहावं लागणार होतं.

इकडे रुग्णांचा दिवस उजाडला आणि नॉर्मल गायब. रुग्णांना परत पाठवायचं तर ड्रायव्हर तीन बस बदलून आलेला. "माझंच लावते," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "एक वेळ नियम मोडला तर आकाश कोसळत नाही." मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मान डोलावली. तिने आपल्याच हाताने आपलं रक्त काढलं.

पंधरवड्याने तिने आपली डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मोजता मोजता तिची मान अवघडली. लाल पुंजके एकमेकांना चिकटून उभे होते. आचारी तर लहान पोरासारखे नाचले. "बघा! बघा, खाद्य कसं झालंय! कोण म्हणतं बिघडलंय?"

तिने ड्रायव्हरची डिश मोजली. नेहमीइतकेच पुंजके होते. खाद्य एवढं झकास निघालं तर त्याचेही वाढायला हवे होते, ते काही वाढले नव्हते. मग आपले शंभर धरून तिने त्याचा आकडा काढला. तीस. अगदी पहिल्या महिन्यात होता तेवढाच. बाकीच्या रुग्णांचेही तसेच, जिथून निघाले होते तिथे येऊन बसलेले.

माणसाचं मन किती लबाड असतं बघा. तिला पहिलं वाटलं ते हे की आपलंच काहीतरी चुकलं. आपलं रक्त जास्त घातलं गेलं असेल. डिशांची अदलाबदल झाली असेल. मग वाटलं, आपलं रक्तच जरा जास्त जोरकस असेल, असतात काही बायका. तिने कुणाला काही सांगितलं नाही. नवरा परत आला तसं त्याला वर बोलावलं, स्वतःचं रक्त काढलं, तळमजल्यावरच्या दोन तरुण मुलींना बिस्किटांची लाच दाखवून आणलं, आणि चौघांच्या डिशा एकाच खाद्यात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावल्या. मोठ्या बाईंना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डिशांवर नावं नकोत. मी खुणा करते, तू मोज."

तिने मोजलं. तीन डिशा भरगच्च होत्या. चौथीत पुंजके असे होते की एकापासून दुसऱ्यापर्यंत नजरेला चालत जावं लागत होतं. तिला खूण बघायची गरजच नव्हती. ती डिश तिच्या ओळखीची होती. इतकी वर्षं ती हीच डिश शंभर म्हणून मोजत आली होती, दर वर्षी थोडी थोडी रिकामी होत गेलेली.

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं.

"गोळीत काही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणीच वर चढलं नव्हतं." मग चष्मा काढून पुसत राहिल्या. "त्याच्या घरात कुणाला होतं?"

"सासरे अशक्तपणाने गेले, असं सगळे म्हणतात." हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. अशक्तपणाने! या खोलीत बसून, या आजारावर केस पांढरे करून, ती सासऱ्यांच्या बाबतीत शेजारणीसारखं बोलत आली होती, अशक्तपणाने गेले.

संध्याकाळी घरी तो ओट्याशी उभा राहून काकडी चिरत होता. लेकीची परीक्षा चालू होती, ती आतल्या खोलीत दार लावून पाठांतर करत होती.

"काय गं, आले का आमचे पुंजके?" त्याने विचारलं. "किती?"

"बरे आलेत," ती म्हणाली.

सुरी थांबली. तो मान न वळवता म्हणाला, "माझे कधी बरे येत नाहीत. माझे शंभर येतात."

तो हळूच वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. रिकामी बाटली तपासण्यात जन्म गेलेला माणूस तो. त्याला किती वेळ लागणार?

"आकडे चढत होते ना गं तुमचे?" तो म्हणाला.

"चढत नव्हते." तिला रडू फुटलं. "ते होते तिथेच होते रे. तू खाली येत होतास. दर महिन्याला मी मोजत होते आणि तुला शंभर लिहीत होते. माझ्या हातांनी."

त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसला. आतून लेकीचं पाठांतर ऐकू येत होतं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. तो म्हणाला, "म्हणजे मला घासून पुसून कपाटात ठेवलं होतंस म्हण की." आणि हसायला गेला, पण ते हसू काही पुरतं जमलं नाही. "आणि ती गोळी? मी घेतली तर?"

हाच तो प्रश्न. याच प्रश्नाला ती जिना उतरल्यापासून भीत होती. रस्त्यावरच्या कुणालाही ती सांगू शकली असती की गोळी चांगली आहे, आशा ठेवा. फक्त यालाच ते सांगता येत नव्हतं, कारण गोळीची सगळी पत याच्या घटत्या रक्तावर उभी होती. तिने नुसती मान हलवली.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे मीच तुमचं औषध होतो." आणि उठून उरलेली काकडी चिरायला लागला.

इस्पितळात त्याच्या हाडातला मगज काढून तपासला. तिथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे ती रोज दुसऱ्यांना सांगायची. दुसऱ्याचा मगज घालून बघतात, पण या आजारात तो सहसा धरत नाही. आता काही करण्यासारखं नाही, बघत राहायचं. "बघत राहायचं" हे शब्द तिने स्वतः इतक्या लोकांना इतक्या मऊ आवाजात ऐकवले होते की डॉक्टरांचा मऊ आवाज ऐकून तिला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तो मात्र शहाण्या मुलासारखा ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तो कारखान्यातला दगड बघ. आभाळातून पडला, पत्रा फोडला, साबणाने घासला, तरी आतून ठणठणीत." तिला त्या दगडाचा भयंकर राग आला होता.

ड्रायव्हरला तिनेच सांगितलं. मोठ्या बाई सांगणार होत्या, पण तिने हट्ट धरला. तो आधी हसला. मग म्हणाला, "पण मी जिने चढतो ना, ताई? नातवाला खांद्यावर घेतलं ते काय खोटं?" ती म्हणाली, ते खोटं नाही. "मग?" तो म्हणाला. तो जाताना आचाऱ्यांशी बोलला नाही, आणि जिना उतरताना तिने पाहिलं, त्याने कठडा धरला होता. आदल्या महिन्यात धरला नव्हता.

राहता राहिली लेक.

तिला गेल्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण झाली होती. लहानपणापासून तिचा एक लकडा होता. शाळा सुटल्यावर ती वरच्या मजल्यावर येऊन बसायची, बापाला मिळणारी बिस्किटं बघायची आणि म्हणायची, मला पण नॉर्मल व्हायचंय. अठरा झाल्याशिवाय रक्त घेता येत नाही, असं सांगून सगळे तिची समजूत घालायचे. आता नवराबायकोने ठरवलं होतं की शुक्रवारी तिची परीक्षा संपेल, रविवारी तिला जवळ बसवून सांगायचं. बापाचं काय आहे ते सांगायचं, आणि निम्म्या शक्यतेचंही. ते कसं सांगायचं याची दोघांनी तालीमसुद्धा केली होती. तो बाप झाला आणि ती लेक झाली, आणि लेकीचं वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा तिला ते बोलवेना.

पण घरात ठरतं एक आणि बाहेर होतं भलतंच. मोठ्या बाईंनी वरच्या मजल्यावर एवढंच सांगितलं होतं की नॉर्मल बदलायचा आहे, नवा शोधा. त्याचं कारण आचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, जावई कंटाळले. शुक्रवारी दुपारी ते फाटकाशी उभे होते आणि परीक्षा संपवून लेक आईला भेटायला आली. आचाऱ्यांनी तिला तिथेच आनंदाची बातमी दिली. "अगं, बाबांना सुट्टी दिली! आता तुझा नंबर!"

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली. आई मान वर करते तोवर लेक बापाच्या खुर्चीत बसलीसुद्धा, बाही दंडापर्यंत चढवून.

"चला! नवी नॉर्मल हजर आहे! परीक्षा झाली, अठरा झाले, सकाळपासून पोटभर खाल्लंय, आता एक कारण सांगू नकोस."

"आज नको गं," ती म्हणाली.

"का? नवऱ्याचं चालतं आणि माझं नाही?"

सगळे हसले. आचारी सर्वांत मोठ्याने हसले आणि त्यांनी सिरिंजचा ट्रे आणून समोर ठेवला. मोठ्या बाई जागेवरून अर्धवट उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. तिने एकेक कारण मनात धरून पाहिलं. सुया संपल्यात. समोरच होत्या. सही लागते. लेक तिथल्या तिथे करेल. आज रुग्ण नाहीत. मग काय झालं, लेक म्हणेल. खरं कारण सोडून जगातली सगळी कारणं खोटी होती, आणि खरं कारण रविवारसाठी राखून ठेवलेलं होतं.

लेकीने हात पुढे केला होता. आईने रबर बांधलं. शीर शोधावी लागली नाही. बोट टेकवलं तिथेच होती, बापाची असते अगदी तिथेच. तिने सुई घातली. लेकीने डोळे घट्ट मिटले, पण हूं की चूं केलं नाही. नळीत रक्त चढायला लागलं, गडद लाल. दिसायला सगळ्यांचंच तसं दिसतं.

तेवढ्यात दारात तो येऊन उभा राहिला. लेक वर गेली असं कुणीतरी सांगितलं असावं. पांढरा झगा तसाच अंगात, टोपी मागे लोटलेली, धाप लागलेली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. अडवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

तिने सुई काढली, कापूस ठेवला, लेकीचं बोट त्यावर दाबून धरलं. नळी हातात घेतली. ती ऊबदार होती. आचारी लेबल आणि पेन घेऊन तयारच होते.

"काय लिहू, ताई? नवी नॉर्मल?"

"काही लिहू नका," ती म्हणाली. "कोरंच राहू दे."

"अहो, पण काहीतरी तर..."

"राहू दे म्हटलं ना!" ती ओरडली. या खोलीत तिला कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आचाऱ्यांनी पेन खाली घेतलं.

लेक गोंधळली. मग वातावरण सावरायला, बापाला करता यायची तशी मस्करी करत म्हणाली, "बाबा, माझी बिस्किटं? रक्त दिलंय मी, फुकट नाही!"

तो पुढे आला. फडताळावरचा डबा त्याने काढला आणि झाकण उघडायला लागला. झाकण नेहमीचंच होतं, जरा घट्ट बसणारं. त्याने एकदा जोर लावला, पुन्हा लावला. बोटं पांढरी पडली. झाकण काही निघेना. सगळे बघत होते आणि त्याला मदत करायला कुणाचा हात पुढे होईना. तो डबा छातीशी धरून तसाच उभा राहिला.

लेकीचं हसू गेलं. तिने बापाच्या हातांकडे पाहिलं, बिनलेबलाच्या नळीकडे पाहिलं, आणि हातावरचा कापूस तसाच दाबून धरून आईकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "बाबाला का काढलंत?"